गप्प बसलं की येणारं मांजर

थोरली सून कवळ्या बनवायची. दिवसभर डेंटल लॅबमध्ये मेणात दात बसवायचे आणि घरी आल्यावर, भात शिजेपर्यंत, इस्त्रीच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचं. तिथे ती एक गेम बनवत होती. कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायची, "उगाच."

गेममधली बाई एका रिकाम्या घरात खिडक्या उघडत हिंडायची. गुण नाहीत, घड्याळ नाही. गंमत एकच. हात बाजूला ठेवून नुसतं गप्प बसलं, की कुठूनसं एक मांजर यायचं आणि बाईच्या मांडीवर झोपायचं. खेळून बघायला घरात एकच माणूस मिळालं, सासूबाई. चष्मा सावरत त्यांनी विचारलं, "जिंकायचं कसं गं यात?"

"जिंकायचं नाही, आई. बसायचं."

"एवढंच? मग जमेल मला." आणि ते त्यांना असं जमलं, की भाजी निवडायची सोडून त्या रोज मांजराची वाट बघत बसू लागल्या.

पुढे धाकट्या दिराला त्यात व्यवहार दिसला. त्याच्या डोक्यात किडा वळवळला की संपलंच. "वहिनी, जरासाच बदल," म्हणत त्याने तिच्याच कॉम्प्युटरवर बसून गुण घातले, घड्याळ घातलं, मधे मधे जाहिराती घातल्या. आता गप्प बसणारा हरू लागला. मांजराला यायला सवडच उरेना, तेव्हा त्याने मांजरच काढून टाकलं आणि सगळं जुन्यावरच सेव्ह केलं. वेगळी प्रत ठेवायचं थोरलीला कधी सुचलं नव्हतं. घरातल्या घरात कोण कशाला प्रत ठेवतं?

मग त्याने तो बाजारात आणला आणि गेम चालला. धो धो चालला. आणि थोरलीचे हाल सुरू झाले, तेही कौतुकाने. "आता कसल्या कवळ्या करतेस!" म्हणत नवऱ्याने नोकरी सोडायला लावली. सासूबाईंनी स्वयंपाक अंगावर घेतला. तिला मागची खोली दिली, नवी खुर्ची आणली. जरा बसली की कुणीतरी चहा घेऊन यायचं आणि स्क्रीनमध्ये डोकावून विचारायचं, "झाला का दुसरा भाग?" भांडावं तर कुणाशी? सगळेच चांगले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो असा. तिला कॉम्प्युटरकडे बघवेना. एकदा ती लॅबमध्ये जाऊन आली, पण तिच्या स्टुलावर दुसरी मुलगी बसली होती.

एका दुपारी सासूबाई चहा न घेता आल्या. हळूच म्हणाल्या, "तो पहिला खेळ परत करशील का गं? या नव्यात मेलं क्षणभर बसू देत नाहीत. माझं मांजर पण गेलं."

थोरलीला भरून आलं. करणं अवघड नव्हतं. त्या मांजराची चाल न् चाल तिला पाठ होती. कितीतरी दिवसांनी तिचा हात आपणहून कीबोर्डकडे गेला.

तेवढ्यात बाहेरून धाकटा ओरडला, "काय नवीन करतेयस वहिनी? सांग, लगेच बाजारात काढू!"

तिने हात मागे घेतला.

"नाही हो आई," ती म्हणाली, "विसरले मी ते सगळं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "असू दे. तू तरी काय काय लक्षात ठेवशील!" असं म्हणून त्या उठल्या, आणि बाहेरच्या आवाजाचा तिला त्रास नको म्हणून जाताना दार बाहेरून घट्ट लावून घेतलं.