मीटर तुम्हीच वाचा

टॅक्सीस्टँडवर त्याला सगळे शंकेखोर म्हणत, आणि तो ते मान समजून मिरवत असे. नोट दिली की उजेडात धरून बघायची, पत्ता सांगितला की "तिथं काय काम?" विचारायचं, गाडी धुणाऱ्यानं नमस्कार केला तरी याच्या कपाळाला आठी. आज हा एवढा गोड का? पाणी कुठंतरी मुरतंय. बायको होती तोवर म्हणायची की यमदूत आला तरी हा आधी त्याचं ओळखपत्र मागेल. ती गेली तेव्हाही याला डॉक्टरांवर संशय होता, पण तो त्यानं मनातच ठेवला.

अलीकडं मात्र शंकेखोराला स्वतःचंच काहीतरी लपवायचं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर धूर साचू लागला होता. आधी पाट्या पुसट झाल्या, मग सिग्नलचे रंग एकमेकांत मिसळायला लागले. हे कळलं तर परवाना जाणार, आणि परवाना गेला की उभं आयुष्य जिच्यात बसून काढलं ती गाडी दारात गंजणार. म्हणून त्यानं रात्रीची भाडी सोडली, नवे रस्ते सोडले, आणि पाठ असलेल्या वळणांवर दिवस ढकलू लागला.

खरी अडचण मीटरची होती. जुना मीटर आकडा बदलला की टक वाजायचा, आणि हा टकटक ऐकूनच भाडं सांगायचा. नवा मीटर मुका, नुसता लाल उजेड. पण शंकेखोरानं तोड काढली. गाडी थांबली की तो हात जोडून म्हणे, "मीटर तुम्हीच वाचा. नंतर म्हणाल मी फसवलं." लोकांना वाटे, काय सरळ माणूस आहे. स्टँडवरचे दोघंतिघं तर त्याचं पाहून तसंच करायला लागले होते.

घरी लेकीचं वागणं त्याला खुपत होतं. तिनं न विचारता खोलीत मोठा दिवा लावला. जिन्यात ती आता त्याच्या पुढून उतरायची. परवा तर सकाळी गाडीपर्यंत सोडायला आली, जन्मात कधी आली नव्हती. बोलत काहीच नव्हती, आणि न बोलणारी बाई म्हणजे शंकेखोराच्या लेखी निम्मा गुन्हा कबूल.

अशात एका दुपारी निवृत्त शाळामास्तरीण त्याच्या गाडीत बसल्या. गुडघे दुखरे, हातात काठी, तोंड मात्र ठणठणीत. गाडी हलते न हलते तोच त्यांनी विचारलं, "टॅक्सीला टॅक्सी का म्हणतात, ठाऊक आहे?"

"म्हणतात म्हणून म्हणतात," शंकेखोर सावध झाला. "का हो?"

"मला नाद आहे शब्दांचा. अहो, आधी ते यंत्र आलं, भाडं मोजणारं. आकारणी आणि माप अशा अर्थाचे दोन परके शब्द जोडून त्याचं नाव केलं. मग ज्या गाडीला ते लागलं तिलाही लोक तेच म्हणायला लागले, आणि तोंडाला लांब पडलं म्हणून निम्मं छाटलं. म्हणजे मूळ नाव तुमच्या मीटरचं, गाडीला ते उसनं मिळालंय."

मीटर हा शब्द आला आणि शंकेखोरानं उगाच हॉर्न वाजवला. इतक्या गप्पांतून ही बाई नेमकी मीटरवरच कशी आली?

"आणि कॅब?" त्यानं विषय वळवला.

"ती दोन चाकांची घोडागाडी. बकरीच्या करडासारखी उड्या मारत जायची, म्हणून परक्या भाषेत तिला त्या उडीचंच नाव. त्याचंच छाटून कॅब."

"म्हणजे रस्ते तेव्हाही असेच होते."

बाई मनापासून हसल्या. मग पुढं वाकून म्हणाल्या, "तुमच्या मीटरखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. यंत्राचं नाव असेल का? जरा वाचून सांगता?"

खाई त्याला खवखवे. शंकेखोराचे कान तापले. "तुम्हाला माझ्या लेकीनं पाठवलंय ना?"

"कुणाच्या लेकीनं?"

"साळसूदपणा पुरे. डोळे तपासायला आलात माझे. मला दिसत नाही हे तिनंच सांगितलं तुम्हाला."

बाई सीटवर मागं सरकल्या. शंकेखोराला वाटलं, पकडलं हिला. मग त्याचेच शब्द त्याच्या कानात पोचले.

"मघाशी ती हातगाडी," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तिला घासून गाडी नेलीत."

"कुठली हातगाडी?"

"गाडी थांबवा."

त्यानं कडेला घेतली. बाईंनी काठी आधी बाहेर टेकवली, मग एकेक पाय.

"तुमचं घर अजून लांब आहे," तो म्हणाला. "हळू नेतो."

"मी चालत जाईन," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, भीतीनं. आयुष्यभर त्यानं जगावर संशय घेतला होता. त्याच्यावर आज पहिल्यांदा कुणी घेतला, आणि तो खरा होता. काठीचा आवाज दूर जाईपर्यंत तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. लाज वाटली त्याला, भीतीही वाटली. त्या हातगाडीमागं ती ढकलणारा माणूस असणारच होता.

त्यानं लेकीला फोन करून बोलावलं. ती रिक्षानं धावत आली. त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. "मला समोरचं दिसत नाही गं. बरेच दिवस झाले."

"माहितेय बाबा."

"माहितेय? मग बोलली का नाहीस?"

लेकीनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?" ती म्हणाली. "'तुला हे कुणी शिकवलं?' हेच ना?"