अर्ध्या वाक्यांचे भाऊजी

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात अर्धवट राहिलेले एखादे काम दिसले, तर ते माझ्या भाऊजींनी सुरू केलेले असणार, असे समजायला हरकत नाही. आयुष्यात त्यांनी एकच काम शेवटास नेले, ते म्हणजे ताईशी लग्न. तेही भटजींच्या हाती होते म्हणून. घराचे फाटक डावीकडे हिरवे, उजवीकडे गंजलेले. मुलीच्या बारशासाठी करायला घेतलेला सागवानी झोपाळा अंगणात साखळ्यांवाचून पडून. मुलगी आता कॉलेजात जाते. एकदा तांदूळ आणायला वारासिवनीला निघालेले भाऊजी संध्याकाळी उलट्या दिशेच्या किरनापुरात, एका अनोळखी साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पंगत वाढताना सापडले. "रस्त्यात बाजा ऐकू आला ना, साळेबुवा," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

वाक्येही तशीच. "काल मी त्या टाकीवर..." म्हणून ते कबुतरे हाकलायला उठत, आणि उरलेले वाक्य स्वयंपाकघरातून येई: "...चढले अन् झाकण खालीच विसरले." संसारात ताईच्या वाट्याला असलेले हे काम तिने कधी अर्धवट सोडले नाही.

त्यांचे वडील गेल्यावर मात्र हा माणूस महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बालाघाटच्या डॉक्टरांच्या गोळीने ते उठले, आणि ती गोळी चालू राहिली. गेल्या दिवाळीनंतर मुलीने मोबाइलवर एडीएचडीविषयी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराविषयी, काही वाचून दाखवले. "हे तं माझंच चरित्र हाय," म्हणत भाऊजी त्याच आठवड्यात नागपूर गाठून, तपासणी करून, दुसरी गोळी घेऊन आले. मग जे घडले ते पाहायला शेजारी जमले. फाटकाची उजवी बाजू हिरवी झाली. झोपाळ्याला साखळ्या लागल्या. कचेरीतली तुंबलेली कामे निघाली. भाऊजींनी मला फोन केला, आवाज आनंदाने फुटत होता: "पहिलीनं मले उठवलं, साळेबुवा. दुसरीनं बसवलं."

अडचण एकच होती. बालाघाटच्या डॉक्टरांना नागपूर ठाऊक नव्हते आणि नागपूरच्यांना बालाघाट. भाऊजींचे न्हावीही दोन आहेत, शिंपीही दोन, आणि त्यांचा शिष्टाचार पक्का: "एका न्हाव्याच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या कैचीचं नाव घेऊ नये. त्याले वाईट वाटते." ताईने एकदा टोकले, "अवो, हे काय केस कापणं हाय?" तेव्हा खरे कारण बाहेर आले. "सांगितलं अन् त्यायनं एक बंद केली तं? कोणती देऊ, तूच सांग."

जानेवारीत मी तिकडे गेलो होतो. झोपाळ्याला पॉलिश करता करता, त्या थंडीत, भाऊजी घामाने भिजले. हातात ब्रश ठरेना. "छातीत इंजन चालून राह्यलं अन्..." असे म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे पुढचे ताईवर सोपवले. तिने वाक्य पुरे केले नाही, चप्पल घातली.

डॉक्टरांनी बीपी पाहिले, पुन्हा पाहिले. "और कोई दवाई चल रही है?"

"दुसरी तं, डॉक्टरसाहेब..." भाऊजी थांबले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात रमले.

"...नागपूरची हाय," ताई म्हणाली. "रोज सकाळी खातेत. वरून चारदा चहा."

डॉक्टर रागावले नाहीत. उदासीवरची आणि एडीएचडीची उत्तेजक गोळी एकत्र देतात, त्यांनी सांगितले; पण देणाऱ्याला दोन्ही ठाऊक असायला हव्यात. काही जोड्यांत एक औषध दुसऱ्याचा जोर वाढवते, नाडी आणि रक्तदाब चढू शकतो. उदासीवरच्या औषधांची एक जुनी जात तर अशी, की तिच्यासोबत ही गोळी देतच नाहीत. तुमची ती नाही, हे नशीब. मग ईसीजी झाला, तो ठीक निघाला, आणि डॉक्टरांनी समोरच नागपूरला फोन लावला. दोन्ही न्हावी एकाच आरशात दिसावेत, तसा भाऊजींचा चेहरा झाला.

"कोणती बंद करता?" त्यांनी विचारले. हे वाक्य त्यांनी एकट्याने पुरे केले.

"कोई नहीं. और अपने मन से भी मत छोड़ना."

दुसरीचा डोस उतरला, चहा दोनवर आला, बीपी आणि नाडी नेमाने तपासायची ठरली. आता एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवूनच ते खुर्चीवर बसतात, थोडे ओशाळून. झोपाळा पुरा झाला आहे. मागच्या खोलीची फरशी अर्धी आहे, पण ती होईल असे वाटते.

परवा गेलो तेव्हा भाऊजी झोपाळ्यावर बसून लामता गावातल्या एका लग्नाची हकिकत सांगत होते. "नवरदेव खाली उतरला, तं त्याचा फेटा बैलानं..." ते श्वास घ्यायला थांबले. दारातल्या ताईने तोंड उघडले.

"...खाल्ला. मंग मी त्याले माझा मफलर बांधला," भाऊजी म्हणाले.

आम्ही हसलो. ताई जराशी तशीच उभी राहिली, मग "हौ," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.