लोग की लॉग

अक्षताच्या हसण्याला काळवेळ कळत नसे. चुलतबहिणीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि ही ओढणीचा बोळा तोंडात कोंबून खुदखुदत होती. शाळेत मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात तर तिला दोघींनी धरून बाहेर नेलं होतं. भीती वाटली की तिला हसू यायचं, आणि जेवढी भीती मोठी तेवढं हसू मोठं. अशा पोरीला नोकरीवर कोण ठेवणार, ही केदारखेड्यात तिच्या आईची, बेबीनंदाची, काळजी. पण ठेवणारा भेटला. जुन्या जालन्यात कापडाच्या एका ठोक दुकानाच्या डोक्यावर अण्णासाहेबांची सॉफ्टवेअरची कंपनी होती. तिथं ती सहा महिने कच्ची म्हणून लागली. पुढं पक्की की परत केदारखेडा, हे त्या मंगळवारी ठरणार होतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर दुकानांना, शिकवण्यांना, पतसंस्थांना मोबाइलवरून पैसे घ्यायला उपयोगी पडायचं. आता एक बँक ते आपल्या शाखांसाठी घ्यायला तयार झाली होती. अट एकच. पैसा जिथं जिथं हलतो, तिथं तिथं तो कोणी हलवला, कधी आणि किती, याची नोंद आपोआप झाली पाहिजे. त्या नोंदीला या धंद्यात लॉग म्हणतात. पैसा हलण्याच्या जागा होत्या दोनशे बारा, आणि एकेक डोळ्यांनी तपासायची म्हणजे दिवाळी उजाडली असती.

अक्षताने त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळा कोड वाचायचा. पैशाच्या जागी एल-ओ-जी ही तीन अक्षरं दिसली की हिरवी खूण, न दिसली की लाल. सोमवारी तिने तो चालवला आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा जागा हिरव्या! अक्षता खुर्चीसकट गोल फिरली. अण्णासाहेब तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यांनी लगोलग दोन किलो पेढ्यांची ऑर्डर दिली.

मंगळवारी बारा वाजता बँकेच्या तपासनीस तृप्ती मॅडम येणार होत्या. अकराला चहा झाला. मूळ कोड लिहिणारा कल्याण बशीत चहा ओतून फुर्र करत म्हणाला, "अक्षता, जल्दी ती लोगवाली फाइल उघड बरं. एक नाव दोनदा येऊन राह्यलं."

"लॉगवाली?"

"लॉग काय? लोग! लोग म्हंजे लोकं. गिऱ्हाइकांची यादी."

कल्याण जुन्या जालन्याच्या गल्लीत वाढलेला. शिकला स्वतःच्या हिमतीवर आणि कोड लिहिला घरच्या बोलीत. त्याच्या कोडमध्ये पैशाला पैसा होता, गावाला गाव होतं, खात्याला खाता होतं आणि माणसांना लोग. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की तेच, एल-ओ-जी.

"मंग नोंदीला काय नाव दिलंय तुम्ही?" अक्षताचा आवाज चिरकला.

"नोंदीला नोंद. दुसरं काय देणार?"

इथं कोणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. लोगचा लॉग आपला आपण झाला होता. पैसा हलतो तिथं माणूस असणारच, आणि माणूस दिसला की तिचा प्रोग्राम आनंदाने हिरवी खूण करत सुटला होता! अक्षताची मुरकुंडी वळली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू काही थांबत नव्हतं. कल्याणने घाबरून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. तिने हसतहसतच प्रोग्राममधला एक शब्द बदलला, लॉगच्या जागी नोंद, आणि तो पुन्हा चालवला.

सदतीस जागा लाल.

त्यातली एक जागा पैसे परत करण्याची होती. भोकरदनच्या पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या कांताबाई रोज तेच बटण दाबायच्या. अडलं की अक्षतालाच फोन करायच्या आणि "बाई, तुझं पोट भरो" म्हणून ठेवायच्या. उद्या कोणी दुसऱ्यानेच पैसे फिरवले आणि तक्रार आली, तर कोणी फिरवले याचा पुरावाच नव्हता. मग फास कांताबाईंच्याच गळ्यात.

आणि जिन्यावर चपला वाजल्या. मॅडम वेळेच्या आधी आल्या होत्या.

अण्णासाहेबांनी टेबलावर कालचा अहवाल पसरला. मॅडमनी पानं उलटली, कोड उघडून चार-दोन जागा पाहिल्या. "वा, लॉग तर जागोजागी आहे की," असं म्हणून त्यांनी पेनचं टोपण काढलं.

अक्षताला वाटलं, गप्प बसावं. सही होऊ द्यावी, नोकरी पक्की होऊ द्यावी आणि सदतीस जागा नंतर गुपचूप भराव्यात. कोणाला कळणार होतं? पण "लॉग जागोजागी" हे शब्द कानात शिरले आणि ती फस्सकन हसली.

मॅडमचं पेन थांबलं. "काय झालं?"

"मॅडम, ते लॉग न्हाई. ते लोकं हायेत," अक्षता म्हणाली, आणि मग सगळंच सांगून टाकलं. बोलीपासून सदतीसपर्यंत. प्रोग्राम आपण लिहिला, चूक आपली, हेही सांगितलं. कल्याण छताकडे बघत होता. मॅडम आधी गंभीर राहिल्या, मग त्यांचेही खांदे हलू लागले. हसून झाल्यावर त्यांनी अहवालावर शेरा मारला, "नापास. पंधरा दिवसांनी फेरतपासणी." पेढा मात्र त्यांनी घेतला, जाताना आणखी एक घेतला.

अण्णासाहेब अहवालाने वारा घेत बसले. "पोरी, आपल्याच कंपनीला नापास केलंस?"

"हो सर."

"आन् वरून हसलीस?"

"हो सर."

त्यांनी कल्याणकडे पाहिलं. "हिला घरी धाडली तर ह्या सदतीस जागा कोण बघणार? तू? तू तर लोग गोळा करून बसला!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून पक्की. पण मॅडमसमोर बिलकुल हसायचं न्हाई." त्यावरही ती हसलीच.

जिन्यात उभं राहून तिने घरी फोन लावला. वडिलांनी, पुंजारामांनी, उचलला.

"बाबा, मी पक्की झाले!"

"म्हंजे बँकवाल्या बाईनं पास केलं?"

"न्हाई, नापास केलं."

"मंग पक्की कशी झाली?"

"आमचं काय चुकलंय ते मीच सांगितलं बाबा. त्यांना कळलंच नव्हतं."



"थांब," पुंजाराम म्हणाले. "तुझ्या आईला बोलावतो. आता म्हणली तसंच्या तसं तिला सांग."