अकरा वाजता झालेली चारची नोंद

नागपुरातली ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि पोलीस ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. भिवापूरच्या एका बाईची क्लिप आदल्या दिवसापासून मोबाईलवर फिरत होती. खासगी रुग्णालयात तिच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या मनगटांवरचे काळेनिळे वळ दाखवून ती म्हणत होती, इथं पेशंटला मारतात.

रुग्णालयाचा खुलासा तातडीने आला. आरोप निराधार आहेत, अफवा पसरवल्याबद्दल बाईवर गुन्हा दाखल करा. वरिष्ठांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत विषय संपवा. आमच्या रायटर हवालदाराने तर ‘आरोपात तथ्य नाही’ असा मसुदाही टाईप करून ठेवला. बाई मिरचीचे देठ खुडून पोट भरणारी. गुन्हा लागला असता तर कोर्टाच्या तारखांनीच तिचं कंबरडं मोडलं असतं. न बघता सही करायला माझा हात धजेना.

अकराच्या सुमारास मी वॉर्डात पोहोचलो. डॉक्टर म्हणाले, म्हातारबुवा भ्रमात नळ्या उपसत होते, म्हणून हात पट्टीने पलंगाला बांधले. दर दोन तासांनी सोडतो. पुरावा म्हणून रजिस्टर पुढे केलं. आठ, दहा, बारा, दोन, चार, सगळ्या वेळांपुढे सह्या. घड्याळात मात्र अकराच वाजले होते.

मला हसू आलं. आमच्या लॉकअपवरचा शिपाईही पुढच्या फेऱ्या अशाच आधी लिहून ठेवतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! म्हाताऱ्याचे हात मी आधी सोडवून घेतले.

मग नर्सचा जबाब घेतला. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो पाठ केलेलंच बोलतो, म्हणून आधी चहा मागवला.

“मारलं नाही जी कोणी,” ती म्हणाली. “पण हात सोडायले टाईमच नाही भेटला. पंधरा पेशंट अन् मी एकटी.”

वळ पट्टीचे होते. शेजारच्या रुग्णांनाही वेगवेगळं विचारलं, त्यांनी तेच सांगितलं.

अहवालात मी लिहिलं: मारहाण झालेली नाही. हात सोडल्याच्या नोंदी खोट्या आहेत. वरिष्ठ म्हणाले, पहिलं वाक्य पुरे. मी दोन्ही ठेवली. रुग्णालयाने निमूट तक्रार मागे घेतली, वॉर्डात दुसरी नर्स दिली आणि नातेवाइकाला रुग्णाजवळ बसू दिलं. त्याचं समाधान मला आजही आहे.

संध्याकाळी बाई ठाण्यात आली. मी तिला सगळं सांगितलं, तशी ती रडायला लागली. मी म्हटलं, घाबरू नका, तुमच्यावर गुन्हा नाही.

“त्याचं नाही जी, साहेब. माह्या बाबाले कोणी मारलं नाही ना? पक्कं?”

“पक्कं. मी स्वतः पाहून आलो.”

दिवसभर आम्ही सगळे तिच्या आरोपाला उत्तर शोधत होतो. आरोपामागे एवढी साधी भीती असते, हे तीस वर्षं नोकरी करूनही मला माहीत नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि लगबगीने निघाली. बाबांना भरवायची वेळ झाली होती.