हमीदभाईच्या व्याजाची जागा

हमीदभाई गेल्याचं भाभींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आधी त्याच्या खात्यावरचं व्याज आलं. सांगायला विचित्र वाटतं. पण दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तो त्याबद्दलच बोलला होता.

हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो फिटर, मी हिशेबनीस. पगारापुरतं त्याचं बँकेत खातं होतं. बचत मात्र मोहल्ल्यातल्या बिनव्याजी पतसंस्थेत. तिथे ठेवीवर काहीच मिळत नसे. मी आकडे मांडून त्याचं नुकसान दाखवायचो. "धरमात व्याज हराम, थे तर हायेच," तो म्हणायचा, "पन माह्या अम्मीच्या मैयतीत त्या संस्थेचा मॅनेजर माती द्याले आलता. तुह्या बँकेतला मले अजून वळखत नाई. भरोसा कायच्यावर ठेवू बे, टक्क्यावर?"

बँकेने जमा केलेलं व्याज तो दरवर्षी काढायचा. घरात वापरायचा नाही, मशिदीतही द्यायचा नाही. आठवडी बाजारातल्या सार्वजनिक संडासाची दुरुस्ती त्यातून व्हायची, कधी तोटी, कधी दाराची कडी. त्याचं पुण्यही मागायचं नाही, असा त्यांच्यातला रिवाज. नवी कडी बसवली की तो आत जाऊन ती लावायचा आणि ओरडायचा, "ढकल बे! लागली का?" मी दार ढकलून "लागली" म्हटल्याशिवाय बाहेर यायचा नाही.

दवाखान्यात महागडी इंजेक्शनं चालू होती. यंदाचं व्याज पडून आहे, तेच वापर, असं मी सुचवलं. "लागू पडन का ते मले?" त्याला धाप लागली होती... "बायांच्या बाजूची कडी तुटली. हातानं दार धरून बसते बिचाऱ्या. मी गेलो तर हे पैसे पोरींच्या वाट्यात मिसळतीन. तू येगळे काढजो. तुले आकडे समजते."

खात्याला नॉमिनी भाभी होत्या. पैसे मिळाल्यावर पासबुक घेऊन बसलो. तो गेल्यानंतरच्या दिवसांचंही व्याज जमा झालेलं. माणूस नाही, आणि त्याच्या नावावर ते वाढतच होतं... रुपयापर्यंत वेगळं केलं. "बराबर हाये ना, भाऊ?" भाभींनी एवढंच विचारलं.

बाजार नसतो त्या दिवशी कडी बसवली. आत जाऊन लावली. बाहेर कोणीच नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "लागली का?"... आणि मग कितीतरी वेळ मला ती उघडवेना.