भरतीला फुटणारं चित्र

आमच्या माहेरच्या टीव्हीचं चित्र दिवसातून दोनदा फुटायचं, आणि ते नीट करून देतो म्हणणाऱ्या माणसाला आईने चहा पाजून दारातून परत पाठवलं होतं. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. त्या वेळी ती हसण्याचीच गोष्ट होती.

माझं माहेर दिवाळे गावात, खाडीच्या काठाला. लग्न होऊन मी खांदेश्वरला फ्लॅटमध्ये राहायला गेले, पण नोकरी बेलापूरला, त्यामुळे ऑफिस सुटलं की पाय आपोआप गावाकडे वळायचे. घरात आई, बाबा, भाऊ आणि वहिनी. होडी आधी बाबांची होती, मग भावाची झाली. आई जेट्टीवरून मासळी उचलून बाजारात बसायची, अजूनही बसते. आमच्याकडे एक रीत होती. होडीवर निघणाऱ्याने उंबऱ्यात थांबून घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, "पानी कसा हाय?" मोठ्याने "जा" म्हणायचं, नाहीतर "थांब" म्हणायचं. निघणाऱ्याला पाणी कसं आहे ते ठाऊक असायचंच, तरी विचारायचं. बाबांनी आजोबांना विचारलं, भावाने बाबांना. मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा दिसायला लागल्या तरी भाऊ विचारायचा आणि बाबा बोटांच्या पेरांवर तिथी मोजून सांगायचे. दोन्ही उत्तरं जुळली की भाऊ मोबाइलला शाबासकी द्यायचा.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परतलं, पण तिथीचा हिशेब काही परतला नाही. आज चतुर्थी आहे असं सांगितलं तरी त्यावरून पाणी कधी भरेल ते त्यांना लागेना. पेरावर अंगठा ठेवायचे आणि तिथेच अडकायचे. मला ते बघवत नसे. खाट बाहेरच्या खोलीत होती, पण खिडकीतून खाडी दिसायची नाही. पूर्वी दिसायची, मग मधे काकांचं घर उभं राहिलं. गावठाणात घरं अशीच वाढतात, आधी पडवी, मग मजला, मग भाडेकरू.

बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे, पाणी कसं आहे. आम्ही खरं तेच सांगायचो, पण हातातलं काम न सोडता सांगायचो, आणि ते त्यांना बरोबर कळायचं. "पोरासारखा भुलवता मला," म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. भाऊ उंबऱ्यात थांबून विचारायचा तेव्हा तर त्यांची फारच कोंडी व्हायची. उत्तर सुचत नाही, आणि न द्यावं तर घरातलं मोठेपण जातं. त्यांचे हाल नकोत म्हणून एकदा भाऊ न विचारताच निघून गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

तेव्हा घरात केबल होती. डाव्या हाताने रिमोट दाबता दाबता बाबा भलत्याच भाषेत जाऊन पडायचे आणि चिडायचे. शेवटी भावाने केबल काढून टाकली. सरकारी वाहिन्या मुंबईच्या टॉवरवरून हवेतून येतात, एक बॉक्स आणि अँटेना असली की झालं, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने पत्र्यावर पाइप उभा केला आणि माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती अँटेना खाडीपार मुंबईकडे तोंड करून बांधली. वाहिन्या मोजक्याच. बातम्या, शेतीची माहिती, भजनं. बाबांना तेवढं पुष्कळ होतं.

एका दुपारी बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा चौकोनी तुकडे होऊन फुटला आणि आवाज तुटला. वहिनी बॉक्सला थापट मारायला उठली. बाबा म्हणाले, "रहू दे. पानी भरला." वहिनीला वाटलं, चाललं यांचं काहीतरी. तेवढ्यात आई जेट्टीवरून आली. लुगड्याचा काठ भिजलेला. म्हणाली, आज वरच्या पायरीला पाणी लागलंय. दुसऱ्या दिवशी चित्र थोडं उशिरा फुटलं, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा, भरती रोज सरकते तसंच. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बराच वेळ फुटलेलं राहायचं, मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं तेव्हा नुसतं मधूनच अडायचं.

माझा आधी विश्वास बसला नाही. चित्र फुटलं की मी चपला घालून जेट्टीवर जाऊन बघायचे. दर वेळी पाणी काठोकाठ. आईने ज्याला परत पाठवलं त्या टीव्हीवाल्याने मला याचं कारण सांगितलं होतं. सिग्नल थेट येतो तसा पाण्यावर आपटूनही येतो, पाणी चढलं की दोन्ही एकमेकांत अडकतात. पाइप जरा वर घेतला की चित्र एकदम क्लिअर होईल, म्हणाला. आई म्हणाली, "आमाला क्लिअर नको. चा घ्या आनी जा."

त्यानंतरचे काही महिने घराला घरपण होतं. भाऊ उंबऱ्यात थांबायचा. "बाबा, पानी कसा हाय?" बाबा पडद्याकडे बघत सांगायचे, "मघाशी भरलेला. आता उतरंल. जा." आवाज पूर्वीचा, होडीवरचा. वहिनी म्हणायची, घरात आता दोन मुकादम झालेत, एक खाटेवर आणि एक भिंतीवर. मला इतकं बरं वाटायचं की संध्याकाळी घरी जाताना रिक्षात एकटीच हसायचे.

मग चुलतभावाने काकांच्या घरावर आणखी एक मजला चढवला. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जाळ्यात प्लास्टिकच जास्त येतं, घर भाड्यावर चालतं. स्लॅब पडला आणि आमच्या पडद्यावर "सिग्नल नाही" एवढी अक्षरं उरली. भावाने लगेच पाइप वाढवला आणि अँटेना त्या स्लॅबच्याही वर नेली. शिडी चुलतभावानेच धरली होती. चित्र आलं, आणि असं स्वच्छ आलं की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कुड्यांतले मोती मोजावेत. आम्ही खूश. दुपार झाली, भरती आली आणि गेली. चित्र तसूभरही हललं नाही.

बाबा दुपारभर पडद्याकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "खाडी बुजवली ना?"

याला वेड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत मिठागरं बुजली होती, भातखाचरं गेली होती, पलीकडे विमानतळासाठी डोंगर कापून भराव पडला होता. हे कधी व्हायचं नाही असं ज्याच्या-ज्याच्याबद्दल मोठी माणसं सांगायची, ते सगळं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मग खाडीनेच काय घोडं मारलं होतं? भावाने मोबाइलवर भरल्या जेट्टीचा व्हिडिओ काढून दाखवला. म्हणाले, जुना हाय. तडफडती कोळंबी टोपलीतून समोर ठेवली. म्हणाले, बाजारातून आनलीत. आईने तांब्यात खाडीचं पाणी भरून आणलं. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "मीठ टाकलास."

ते जेवण टाकायला लागले. भाऊ रोज उंबऱ्यात थांबून विचारायचा आणि बाबा म्हणायचे, "पानीच नाय त कसा काय सांगू?" भावाने अँटेना खाली घेऊन बघितली, पण खाली सिग्नलच लागेना. शेवटी आईनेच वाट काढली. बॉक्समागची वायर जराशी सैल केली की चित्र फुटतं, हे तिला धूळ पुसताना कळलं होतं. तिने भावाकडून मोबाइलवरची भरतीची वेळ विचारून घेतली, टीव्हीपाशी कपड्यांच्या घड्या घालत बसली आणि मागे हात नेला. बाईचा चेहरा फुटला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भरला," म्हणाले. रात्री भाताची पेज मागून घेतली.

मग तो नेमच झाला. आई बाजारात असली तर वहिनी वायर धरायची, वहिनी बाहेर गेली तर मी. फसवतोय असं तेव्हा मला एकदाही वाटलं नाही. बाहेर खरंच भरती असायची. आम्ही खोटं दाखवत नव्हतो, खरं तेच दाखवत होतो. टीव्ही सांगेना म्हणून आम्ही सांगत होतो, एवढंच.

अमावास्येची दुपार होती. मी रजा घेऊन घरी बसले होते, आई बाजारात, वहिनी माहेरी. पाणी भरायच्या वेळेला मी टीव्हीपाशी गेले, पाठ बाबांकडे करून मागे हात घातला आणि वायर हलवली. चित्र फुटलं. बाबांचं "भरला" ऐकू आलं नाही म्हणून मी वळून पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला आरसा आहे, त्यात बघत होते. आरशात माझा हात होता.

"कवापासून करता?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, पाइप वर नेल्यापासूनचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे खाडी गेली."

"बाबा, खाडी हाय. आता या घडीला भरलीय, इथे, काकांच्या घरामागे."

"हाय त वायर कशाला हलवता?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण मी ते तीनदा समजावलं आणि तिन्हीदा ते जास्तच खोटं वाटायला लागलं. मला राग आला, त्यांचा आणि माझाही. बाबा म्हणाले, "मंग ने मला. दाव." न्यायचं तर चौघं लागतात. भाऊ होडीवर, चुलतभाऊ दुसरीकडे कामावर, गल्लीत दुपारचं कोणी नाही. मी फोनवर फोन लावत बसले. बाबा दाराकडे डोळे लावून पडून राहिले. चुलतभाऊ दोन गवंडी घेऊन आला तोवर सहा वाजत आले होते, आणि उधाणाच्या दिवशी दुपारी जितकं पाणी चढतं तितकंच ते संध्याकाळी लांब जातं.

मी म्हटलं, "बाबा, आता सुकती हाय. उद्या दुपारी भरतीला जाऊ."

"उद्यापर्यंत काय आनून ओतनार हाय?" ते म्हणाले.

तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं, मी पुढून त्यांचे पाय धरले. चुलतभावाच्या रेतीच्या ढिगावरून, विटांच्या मधून आम्ही जेट्टीवर पोचलो. पाणी कुठेच नव्हतं. लांबपर्यंत चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या आणि एक कुत्रा. जन्मभर त्यांनी हा चिखल रोज पाहिला होता. तो चिखल सहा तासांनी पाण्याखाली जातो हे त्यांनीच मला मांडीवर बसवून सांगितलं होतं. त्यांना आता तेवढंच आठवत नव्हतं.

"सुकती हाय, बाबा," मी पुन्हा म्हटलं. चुलतभावानेही सांगितलं, गवंड्यांनीही सांगितलं. बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आपल्याला सांगायला माणसं जमवून आणलीत तसं. पाणी परत येईपर्यंत थांबू या असं मी म्हटलं, पण त्यांना खुर्चीत धड बसवत नव्हतं, मान एका बाजूला पडायला लागली होती. आम्ही त्यांना परत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी वरच्या पायरीला होतं. भाऊ होडीवर न जाता, माणसं घेऊन न्यायला आला. बाबांनी डाव्या हाताने खाटेचा खूर घट्ट धरला आणि सोडला नाही. "एकदा बगितला. पुरे," म्हणाले. त्यांच्या अंगात तेवढी ताकद उरलीय हे मला माहीत नव्हतं. पुढे भाऊ उंबऱ्यात थांबून विचारायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. भाऊ जरा वेळ वाट बघायचा आणि निघून जायचा.

पण भावाने एका गोष्टीचा पिच्छा सोडला नाही. घरी असला की अँटेना घेऊन पत्र्यावर चढायचा. इथे बांधून बघ, तिथे बांधून बघ. पत्रे तापलेले, पायाला फोड आलेले. मी खालून ओरडायचे की पुरे कर, तो ऐकायचा नाही. शेवटी मोरीच्या पत्र्याच्या टोकाला, दोन घरांच्या फटीतून खाडी दिसते तिथे सिग्नल लागला. चित्र जेमतेम होतं, पण होतं. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, फक्त वायरला कोणी हात लावू नका म्हणाला.

पुनवेचं उधाण होतं, बाबांनी पाहिलेलं शेवटचं. दुपारी आम्ही सगळे घरात होतो. भाऊ उंबऱ्यात बसलेला, वहिनी आणि मी खाटेजवळ, आई स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन भाकरीचं पीठ मळत होती. टीव्हीजवळ कोणीच नव्हतं. शेतीचा कार्यक्रम चालला होता. बोलता बोलता त्या माणसाचा चेहरा अडला, फुटला, चौकोनी तुकडे झाले आणि आवाज गेला. कोणी हात न लावता. भाऊ उठून उभा राहिला आणि त्याने बाबांना विचारलं, "बाबा, पानी कसा हाय?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग मान न वळवता आईला म्हणाले, "वायर सोड गो."

आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. तिने ते वर करून त्यांना दाखवले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.