नऊ फूट पूर्वेला

सव्वीस वर्षं कोतवालकी केलेल्या माणसाला कोणी लोखंडी खुंट्या घेऊन शिवारात शिरलेलं दिसलं, की त्याला आधी जमीन आठवते. मी खुशालराव. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, आणि इथल्या प्रत्येक मोजणीला फितीचं एक टोक माझ्याच हातात असायचं. म्हणून दोन वर्षांमागं, पोळा झाल्यावर, एक पोरगी आमच्या ई-क्लासवर वीस खुंट्या ठोकताना दिसली, तेव्हा मी काय समजायचं ते समजलो. ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन, पण गावची गुरं त्यावर चरतात. बाजूच्या गावची अशीच जमीन सोलरच्या कंपनीला गेली होती. तिथंही आधी खुंट्याच आल्या होत्या.

"कोण तू? कोन्या खात्याची?"

"खात्याची नाही, काकाजी. दामिनी माझं नाव. गवत मोजाले आली."

गवत मोजायला! साठी उलटली माझी, पण गवत मोजणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं.

माझी बायको माणिकबाई मात्र पहिल्याच दिवशी तिला घरी चहाला घेऊन आली. दारात पाय ठेवताच पोरगी म्हणाली, "जय भीम, काकू." मला तेही खटकलं. आधी नातं जोडायचं आणि मग जमीन मोजायची, असे बहाद्दर मी पुष्कळ पाहिलेत.

मी चौकशी केली. बाप धामणगाव रेल्वेला गँगमन, आई अंगणवाडीत. अमरावतीला वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी, आणि आता पीएचडी. एमएस्सीला असताना धारणीकडच्या जंगलात आठ महिने सागाची रोपं मोजत हिंडली. जीप मिळाली तर जीप, नाही तर पायी.

"तिथं लोक विचारत नव्हते का, कोण तू म्हणून?" मी मुद्दाम विचारलं.

"आधी विचारत, जेवली का. नाव मंग विचारत. अर्ध्या गवताची नावं मले तिथल्या बायांनीच शिकवली."

टोमणा मला होता की नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. तेव्हा मात्र मी तो मनात धरला.

तिचं काम असं होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपची एक मीटरची चौकट ती खुंटीला लावून ठेवी आणि आतलं गवत उकिडवं बसून मोजी. पवन्याचे ठोंब किती, मारवेल किती, कुसळी किती, सगळं वहीत. दरवर्षी त्याच खुंटीला, त्याच जागेवर पुन्हा मोजायचं. कुठलं गवत वाढतं, कुठलं मरतं, ते त्यातून कळतं म्हणे.

मी कडेला उभा राहून पाही. मनात म्हणे, जमिनीचा नकाशा करून राहिली बेटी.

तिचं पहिलं मोजणं संपलं, ती अमरावतीला गेली, आणि मी माझं काम केलं. खुंट्या उपटून फेकल्या असत्या तर बोभाटा झाला असता. शिवाय उपटलेली खुंटी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकता येते. पण सरकलेली खुंटी कोणाच्या ध्यानात येत नाही आणि सगळी मोजणी मात्र बाद होते. म्हणून मी बकऱ्या चारायच्या निमित्तानं चार दिवस गेलो आणि वीसच्या वीस खुंट्या नऊ फूट पूर्वेला सरकवल्या. फीत लावून.

माणिकबाईला वास लागलाच. "कावीळ झाली का तुमाले? सारं पिवयंच दिसते."

गाव वाचवल्याचा मला अभिमानच वाटत होता.

दुसऱ्या वर्षी दामिनी आली, मोजून गेली. जाताना वही पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. दिवाळीनंतर परत आली ती डोळे सुजवून. चहा समोर होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

"खुंट्या काढाले आली, काकाजी. संपलं माझं. सात नंबरले पवन्याचे एक्केचाळीस ठोंब होते, औंदा तीन. सगळीकडं तसंच. गाइड सर म्हणाले, गवताले पाय नसतात, आकडे तू घरी बसून लिहिले. सोमवारी कमिटीसमोर उभं करून राहिले मले. नोंदणी रद्द होईन."

"खुंट्यांच्या जागा मोबाइलवर दिसत नाहीत का?" मी विचारलं. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला.

"मोबाइल चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतेच."

मला लाज वाटली. सरळ सांगतो, लाज वाटली. सोलरवाले आले नव्हते, मोजणीवाले आले नव्हते. आली होती ती गँगमनची पोरगी, गवत मोजायला.

"पोरी, गवत नाही सरकलं. खुंट्या सरकल्या. मी सरकवल्या."

तिनं मान हलवली. "मले वाचवाले खोटं बोलू नका, काकाजी. असं कमिटी मानत नाही."

आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला. आता खरं बोलत होतो तर पोरगी विश्वास ठेवत नव्हती. मी कुदळ उचलली आणि तिला घेऊन ई-क्लासवर गेलो.

तरुणपणी एका म्हाताऱ्या मोजणीदारानं मला शिकवलं होतं, की हद्दीची खूण काढली तर त्या भोकात कोळसा टाकावा. दगड चोरीला जातो, कोळसा कुजत नाही. खुंट्या सरकवताना मी प्रत्येक जुन्या भोकात चुलीतला कोळसा टाकला होता. लबाडी करतानाही हाताची सवय सुटली नव्हती.

सात नंबरपासून नऊ फूट पश्चिमेला खणलं. मुरमात चार बोटांवर काळा कोळसा निघाला. दामिनी खाली बसली, चौकट लावली आणि मोजू लागली. पवन्याचे अडतीस ठोंब भरले.

दोन दिवसांत एकोणीस जागा सापडल्या. विसावी डुकरांनी उकरली होती, ती तिनं सोडून दिली.

शेवटची जागा मोजून झाल्यावर तिनं विचारलं, "काहून केलं?"

"संशय होता तुयावर."

"दोन वर्षं तुमच्या घरी चहा पिली मी. एकदा विचाराचं होतं."

त्या दिवशी तिनं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. माणिकबाई माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

कमिटीसाठी मी माझ्या हातानं पंचनामा लिहिला. पंच म्हणून गावची गुरं राखणारा देवीदास गायकी आणि माणिकबाई. तारखा हव्या होत्या म्हणून दामिनीनं तिची वही माझ्यासमोर सरकवली. मागच्या पानावर तिनं एक यादी केली होती, आकडे कशानं बिघडले असतील याची. रानडुकरं. बकऱ्या. कमी पाऊस. देवीदासची गुरं. एकेकावर तिनं काट मारली होती. सगळ्यात खाली एकच शब्द उरला होता, 'मी'.

माझं नाव त्या यादीत कुठंच नव्हतं.

पंचनाम्यावर सही करण्याआधी मी तो 'मी' खोडला आणि पुढं लिहिलं, खुशालराव, माजी कोतवाल.